दर पाच मिनिटांनी

“नागसेन, आरं खाली उतर. गिराण लागायची येळ झाली,” धोंडुबाईनं आपल्या परसातून त्याच्या गच्चीकडं बघत हाक दिली.

“कामच हाय ते, मावशी. कॉलेजच्या मॅडमनी सांगितलंय.”

“डोळं गेल्यावर कॉलेज देतंय व्हय नवं?”

“मी न्हाई बघत. कॅमेरा बघतोय.”

“मग त्येचं जातील,” असं पुटपुटत ती आत गेली आणि तिनं कडी लावून घेतली. पंच्याण्णव सालच्या दिवाळीतली ती सकाळ. पण मलकापुरातली दारं-खिडक्या बंद होती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

नागसेनचं घर स्लॅबचं होतं. खाली ‘माया व्हिडिओ शूटिंग’चं दुकान, मागं राहायच्या दोन खोल्या. माया, त्याची बायको, लेकीला घेऊन माहेरी फलटणला गेली होती. त्याच्या घराच्या पूर्वेला भिंतीला भिंत लागून धोंडुबाईचं कौलारू घर. ती एकटीच राहायची. मुलगा आकाराम पलटणीत, काश्मिराकडं. नागसेनच्या घरात चूल पेटली नाही की भिंतीवरून भाकरी यायची.

सहा वर्षं नागसेननं लग्नं काढली होती. हजार वॅटचा दिवा लावायचा, कॅमेरा ऑटोवर टाकायचा, की नवरी उजळ निघायची. त्यापलीकडं त्यानं कधी डोकं चालवलं नव्हतं. आदल्या दिवशी शरयू मॅडम, कराडच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या, आरशासारखी चकचकीत फिल्म घेऊन आल्या आणि भिंगावर कशी चिकटवायची ते दाखवून म्हणाल्या, “ऑटो बंद. चित्रात सूर्य एवढासा, भोवती सगळं काळं. कॅमेऱ्याला वाटेल अंधार पडलाय. तो भिंगाचं झापड उघडेल आणि सूर्य नुसता पांढरा जळेल. झापड तू तुझ्या हातानं बारीक कर. शटर हजारावर. सूर्याची कड स्वच्छ दिसली की थांब. आणि कोर कितीही लहान झाली तरी सेटिंगला हात लावायचा नाही. उरलेल्या सूर्याचं तेज तेवढंच असतं.”

“आणि अडीच तास चालूच ठेवायचा?”

“छे! हा सेकंदाला पंचवीस चित्रं घेतो. सूर्याला एवढी घाई नाही. दर पाच मिनिटांनी पाच सेकंद घे. अडीच तासांचं ग्रहण अडीच मिनिटांत दिसेल.”

तसंच त्यानं केलं. उन्हात व्ह्यूफाइंडर दिसेना, म्हणून डोक्यावरून जाड वाकळ घेतली. झूम पूर्ण ताणल्यामुळं सूर्य सारखा चौकटीबाहेर घसरायचा. कॅमेरा तसूतसूनं सरकवावा लागायचा. वाकळीबाहेर डोकं काढायला सवडच नव्हती. आत नुसता स्वतःचा श्वास ऐकू येत होता. सव्वासातनंतर सूर्याला वरच्या कडेनं कुरतडल्यासारखी खाच पडली. प्रत्येक वेळी तो घड्याळ बघून बटण दाबायचा आणि वहीत वेळ लिहायचा.

साडेआठला त्यानं घाम पुसायला वाकळ बाजूला केली आणि तो दचकला. ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. कडुनिंबाखालच्या भिंतीवर पानांतून झिरपणाऱ्या उन्हाच्या शेकडो चंद्रकोरी थरथरत होत्या. कावळे गप्प. धोंडुबाईच्या घराकडून कसलाही आवाज नव्हता. तो पुन्हा वाकळीत शिरला.

अकरा वाजता पलीकडची हरणाबाई ओरडत आली. हाका मारूनही धोंडुबाई दार उघडत नव्हती. नागसेननंच कौलं काढून आत उडी टाकली. धोंडुबाई मागच्या दाराला टेकून बसली होती. हात कडीवर. कडी निम्मी सरकलेली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. हरणाबाई म्हणाली, गिराणानं नेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नागसेन मॅडमची कॅसेट तयार करायला बसला. चित्राखाली सनई घालायची होती. टीव्हीवर काळ्याभोर अंधारात कोर एकेका झटक्यानं बारीक होत होती. त्यानं सहज आवाज वाढवला.

“नागसेनऽ...”

सूर्यानं झटका खाल्ला. पुढचे पाच सेकंद.

“...हायस का रं वर?”

आणखी एक झटका. कडी खडखडली. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा.

आणखी एक. कुत्रं भुंकत होतं, बस्स.

कॅमेऱ्याचा माइक सूर्याकडं, म्हणजे तिच्याच घराकडं तोंड करून होता. त्यानं वही काढली. आठ पाच. आठ दहा. आठ पंधरा. आठ वीस. मधल्या मिनिटांत ती किती वेळा बोलली, काय बोलली, ते टेपवर नव्हतं. त्याच्या जिन्याला चौदा पायऱ्या होत्या.

मॅडमच्या कॅसेटवर त्यानं सनई घातली. मूळ टेप पुसून टाकायला दोनदा मशिनमध्ये घातली, दोनदा काढली.

पाचव्या दिवशी आकाराम आला. तार उशिरा पोचली होती. चुलतभावानं अग्नी दिला होता. आकाराम दुकानात उभाच राहिला.

“गड्या, आयचं तोंडबी बघाय मिळालं न्हाई. तुज्याकडं तिचा एकांदा फोटू असंल. कुनाच्या लग्नात, मागं उभी राहिलेली?”

“न्हाई रं. कॅमेरा दिसला की पदर घेऊन पळायची.”

आकाराम मान हलवून वळला. तो पायरी उतरला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं.

“फोटू न्हाई,” नागसेन म्हणाला. “आवाज हाय.”

आणि त्यानं सगळं सांगितलं. वाकळ, पाच मिनिटं, वही, कडी. सांगताना त्यानं स्वतःला कुठं वाचवलं नाही. आकारामनं वही मागून घेतली. वेळांवरून बोट फिरवलं.

“म्हंजी धा मिन्टं,” तो म्हणाला.

“व्हय. कमीत कमी.”

“लाव.”

आकाराम बाकावर ताठ बसला. नागसेन दाराशी उभा राहिला. अंधारात कोर आली. आईनं नागसेनला हाक मारली, मुलाला नाही. कडी वाजली. कुत्रं भुंकलं. मग सूर्य एकेका झटक्यानं भरत गेला, पुरता गोल झाला, आणि टेप संपली.

“तिला काय पायजे हुतं, आसं वाटतंय तुला?” आकारामनं विचारलं.

“म्हाईत न्हाई. रातंदिस त्योच इचार हाय.”

आकारामनं डोळे पुसले नाहीत. पडद्याकडं बघतच तो म्हणाला, “पुन्यांदा लाव.”

नागसेननं टेप मागं घेतली, बटण दाबलं, आणि परत दाराकडं निघाला.

“तिकडं कुठं?” आकाराम म्हणाला, आणि बाकावर जरासा सरकला.