मी, प्रगतिशील डीव्हीडी

मित्रांनो, मी लोहाऱ्यातली एक जुनी डीव्हीडी आहे. अक्षतांपासून पाठवणीपर्यंत वनमालाचं अख्खं लग्न माझ्या पोटात आहे.

माझा जन्म बसस्टँडजवळ, बंडप्पांच्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात झाला. शूटिंग कॅसेटवर होतं. ते माझ्यात उतरवताना संगणकानं विचारलं, सेकंदाला चित्रं किती, पंचवीस की तीस? बंडप्पांनी पंचवीस निवडली, कारण कॅमेरा तेवढीच घेत होता. इथवर ठीक. पुढचा प्रश्न होता, इंटरलेस्ड की प्रोग्रेसिव्ह?

"प्रोग्रेसिव्ह म्हंजी प्रगतिशील," बंडप्पा स्वतःशीच म्हणाले. "प्रगतिशील शेतकऱ्याला तालुक्यात फेटा बांधत्यात. मंग हेच चांगलं असणार की."

झालं, इथंच गाडी घसरली. कॅमेरा तर प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत घेत होता. आधी एकाआड एक ओळी, मग क्षणभरानं उरलेल्या. यालाच इंटरलेस्ड म्हणतात. माझ्यावर मात्र प्रोग्रेसिव्हचा, म्हणजे चित्र एकदमच घेतल्याचा शिक्का बसला. मग त्या कॅसेटवर बंडप्पांनी दुसरं लग्न भरलं.

वनमालाच्या माहेरी जुन्या फुगीर टीव्हीवर सगळं खपून गेलं. मला बघायला गल्ली लोटायची, मीही मिरवून घ्यायची. पुढं घरात सपाट टीव्ही आला आणि माझं पितळ उघडं पडलं. पाठवणीत वनमालाचे वडील, बब्रुवानआण्णा, निघालेल्या जीपकडं बघत हात हलवतात. आण्णा धड दिसायचे, पण हात हलला की दोन अर्धे जुळायचे नाहीत आणि हाताला फणीसारखे दात फुटायचे. डीव्हीडीच खराब निघाली, असं घरात ठरलं आणि मी पत्र्याच्या पेटीत गेले. तेरा वर्षं. एवढं लग्न पोटात घेऊन एकटीनं पडून राहणं फार जड गेलं, मित्रांनो.

गेल्या वर्षी आण्णा वारले. त्यांचं हलतं चित्र माझ्याशिवाय कुठंच नव्हतं. वनमाला मला पदरात गुंडाळून बंडप्पांकडं आली.

"काका, पाठवणीला म्या रडतच बसले. मागं वळून बघितलंच न्हाय. आण्णांचा हात तेवढा नीट करून द्या."

बंडप्पांनी मला संगणकात घातलं. ते दात दिसताच त्यांनी चित्र तिथंच थांबवलं.

"चूक माजीच हाय, पोरी. कॅसेट बी म्याच पुसली."

पण दोन्ही अर्धे माझ्यात शाबूत होते. बंडप्पांनी या वेळी खरं ते निवडलं, इंटरलेस्ड. अर्धे वेगळे झाले आणि आण्णांचा हात हलला, अख्खा, दात नसलेला. वनमालानं पडद्यासमोर आपलाही हात वर केला. बंडप्पा खिडकीकडं बघत राहिले.

ती आण्णांना मोबाइलमध्ये घेऊन गेली. मला न्यायचं विसरली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? बंडप्पांनी मला हलक्या हातानं पुसलं, पाकिटावर लिहिलं, 'मूळ प्रत. टाकू नये', आणि कपाटात ठेवलं. तिथं मी एकटीच आहे.

मित्रांनो, शब्द भारी वाटला म्हणून काही निवडू नका. कॅमेऱ्यानं काय पाहिलं, ते आधी विचारा. आणि जुनं लगेच पुसू नका. कुणाचं तरी मागं वळून बघायचं राहिलेलं असतं.