सगळ्यांच्या तोंडी इंद्रजीतचाच आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि आज मी वैतागून बोलणार आहे. किन्हवलीजवळच्या आमच्या वस्तीत दरवर्षी जयंतीला नाटक व्हायचं. ते इंद्रजीत बसवायचा. नोकरी मुंबईला, त्यामुळे तालमीला त्याला फक्त रविवार मिळायचा. सत्त्याण्णव साली त्याने मला आणलं आणि सगळ्यांचे संवाद स्वतःच्याच आवाजात माझ्यात भरले. वर सांगितलं, "मी नसलो तरी हा शिकवील. आयकायचं नि तसंच म्हणायचं."

झालं! रोज संध्याकाळी समाजमंदिरात तेच दळण. इंद्रजीतला तेव्हा सर्दी झाली होती. सावकाराचं काम करणारा मिशाळ केरू हुबेहूब त्याच्यासारखं नाक ओढून दम द्यायला लागला. शिपाई झालेल्या पोराने तर शिंकसुद्धा पाठ केली! काय म्हणावं या लोकांना?

आईचं काम रत्नप्रभाकडे होतं. तोवर बायकांच्या कामाला कल्याणहून नटी आणायचे. वस्तीतली बाई उभी राहायची ही पहिलीच वेळ, आणि रत्नप्रभाला ते काम मनापासून हवं होतं. पण नाटकातल्या मेलेल्या लेकाजवळ बसून तीही इंद्रजीतसारखी घोगरं बोलायची. तो चिडला. "वहिनी, पुढल्या रविवारपर्यंत जमलं नाय, तर कल्याणची बाई सांगतो." म्हणजे शिकवणार हा आणि खापर फोडणार तिच्या माथी! माझी तर टेप गुंतायचीच बाकी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच आली. माझं आवाज भरायचं लाल बटण दाबून बोलली, मग ते ऐकलं.

"अगो बाय! ही मी कुठं? हे तर इंद्रजीतभावजी रडतात!"

तिने पुन्हा बटण दाबलं. इंद्रजीतने लिहिलं होतं, 'बाळा, नेत्र उघड.' ती हळूच म्हणाली, "ऊठ ना रे बाळा. भाकर निवली."

रविवारी इंद्रजीतने मला लावलं, तर त्याचा आवाज पुसून तिथे तिचा आवाज! तो ऐकत राहिला, डोळे पुसले. "वहिनी, काम तुमचंच." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "बघा, असं बोलायचं! आता रोज हीच कॅसेट लावा."

अरे, पुन्हा तेच? कपाळावर हात मारून घ्यायला मला हात नाहीत, मित्रांनो!

जयंतीला रत्नप्रभाने सगळा मांडव रडवला. कल्याणची बाई त्यानंतर कधी लागली नाही. आता तुमच्याकडे सीडी आल्या, कॅमेरे आले. त्यांच्याकडून शिका, त्यांची धूळही पुसा. पण आधी त्यांना तुमचं बोलणं ऐकवा आणि मग ते स्वतः ऐका. नाहीतर केरूसारखं व्हायचं. त्याने रत्नप्रभाच्याच सुरात, गळा दाटून जमीन मागितली, आणि लोकांना सावकाराचीच दया आली.