सगळ्यांवर सारखंच पाणी

लेदा, तू फक्त ऐक, मध्ये तोंड घालू नकोस. आणि गार तेरेरेचा पेला फिरत फिरत माझ्याकडे आला की मला द्या, बोलतेय म्हणून वगळू नका, मी अजून आभार म्हटलेलं नाही, पुरे झालं की म्हणेन आभार, तेव्हा वगळा.

इव्होनीचं सांगतेय. हो, तीच, माझ्याबरोबर गुरांच्या केंद्रात कामाला आहे ती. तुम्ही सगळे म्हणत फिरताय की तिने स्वतःच्या आजोबांचा कळप बुडवला. तर मी तिथे होते, तिच्या शेजारी उभी होते, म्हणून सांगते. आणि मी तिची बाजू घेत नाहीये हं. मी अजून तिच्यावर चिडलेली आहे.

तिचे अनीझियो आजोबा माहितीयत ना, काराकू जातीची गुरं पाळतात ते. अख्ख्या तालुक्यात आता काराकू दुसऱ्या कुणाकडे नाहीत. जो तो नेलोर ठेवतो, ती पांढरी, वशिंडवाली, नाहीतर नेलोरवर अँगसचा संकर करून काळी गुरं. आजोबांची आपली पिवळी, आखूड केसांची, लांब शिंगांची. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासूनची. इव्होनीचा जिल्दोमामा वर्षभर त्यांच्या मागे लागला होता, विकून टाका, तुमचे वळू कोण घेतो आता. शेवटी जेवताना एकदा तो म्हणाला, "केंद्राच्या चाचणीत तुमचा एक खोंड पाठवा. वरच्या गटात आला तर मी जन्मात पुन्हा विषय काढणार नाही. नाही आला तर ट्रक बोलावतो." आणि आजोबा म्हणाले, चालेल. इतके सहज म्हणाले ना, जणू कुणी मीठ मागितलं.

तर मेलादो आला. रंग अगदी काकवीसारखा, म्हणून नाव मेलादो. इव्होनीने स्वतः बाटलीने दूध पाजून वाढवलेला. केंद्रात तिने कुणाला सांगितलं नाही हं की हा आमच्या घरचा आहे, पण तो तिला बघून असा हंबरायचा की सगळ्यांना कळलंच. चिडवायचे तिला, "तुझा नवरा हाक मारतोय गं."

चाचणी म्हणजे काय, तर वेगवेगळ्या जातींचे एका वयाचे खोंड एका रांगेत, सगळ्यांना एकच चारा, आणि मग बघायचं कोण किती खातो, किती वाढतो, आणि उन्हात काय होतं. कानात बिल्ला, त्याने गव्हाणीत तोंड घातलं की यंत्र मोजणार किती खाल्लं. पोटात एक गोळी सोडलेली, ती आतला ताप पडद्यावर दाखवते. आणि एक मुखवटा असतो, तो तोंडावर बांधायचा आणि श्वास मोजायचा, म्हणजे नुसतं उभं राहून जनावर आत किती जाळतं ते कळतं. मेलादोने मुखवटा असा बांधून घेतला जसा न्हाव्याकडे म्हातारा गालाला साबण लावून घेतो. त्या बड्या जमीनदार फोन्तोरासाहेबांचा काळा खोंड होता ना, अँगसचा संकर, त्याने दोन मुखवटे फोडले आणि माझ्या पायावर पाय दिला. नख अजून काळं आहे, बघ.

नेलोर म्हणजे चिकट दुकानदार. थोडं खाणार, आत थोडंच जाळणार, त्यामुळे अंग थंड, ऊन त्याला काही करत नाही, पण मांस चढवायला किती दिवस लावेल विचारू नकोस. काळा संकर म्हणजे भट्टी. खातो खातो आणि नुसता फुगत जातो, पण तेवढीच आग आत पेटलेली, वरून काळी कातडी, ऊन तापलं की ती आग जाणार कुठे? धाप लागते, खाणं सुटतं, वाढ थांबते. आणि मेलादो खायचा जवळजवळ काळ्याएवढं आणि उन्हात उभा राहायचा नेलोरसारखा. कातडीतून उष्णता अशी सोडून द्यायचा जशी काही आपण उसासा सोडतो. आजोबा हेच तर सांगत होते इतकी वर्षं, पण आजोबा सांगतात ते कोण ऐकतो?

तर शेवटची फेरी उन्हाची होती. सावली काढून घ्यायची, डोक्यावर काही नाही, आणि बघायचं कोण खात राहतो. नियम एकच. ज्याचा ताप हद्दीबाहेर जाईल त्याला लगेच सावलीत न्यायचं आणि तो चाचणीतून बाद. तोपर्यंत काळा सगळ्यांच्या पुढे होता, पण ऊन चढलं आणि रोज थोडा थोडा मागे यायला लागला. मेलादो पाचवा, मग तिसरा. इव्होनी रोज घरी फोन करायची. आजोबा फक्त विचारायचे, "पाणी पितो ना नीट?" बास, एवढंच.

आणि मग तो रविवार. ते वारं नसलेलं ऊन आठव, काम्पो ग्रांदे शहराच्या बाजूने सगळं आभाळ वणव्यांच्या धुराने पांढरं झालं होतं तो. केंद्रात आम्ही दोघीच. डॉक्टर एव्हाल्दो, आमचे साहेब, ते फोन्तोरासाहेबांकडे मांस भाजायचा बेत होता तिकडे. म्हणजे बघ ना, चाचणी घेणारा कुणाच्या ताटात जेवतोय. असो.

जेवणानंतर पडद्यावर काळ्याचा आकडा लाल झाला. आम्ही पळालो. तो मान पुढे काढून उभा, जीभ बाहेर, लाळ जमिनीपर्यंत, आणि बरगड्या अशा हलत होत्या की मला मोजवत नव्हत्या. इव्होनीने डॉक्टरांना फोन लावला. मागे गाणी चाललेली ऐकू येत होती. ते म्हणाले, "त्याला हलवू नकोस. मी आल्यावर बघू."

"डॉक्टर, नियमाप्रमाणे सावलीत..."

"मी म्हटलं ना, आल्यावर बघू."

कळलं ना? हलवला की बाद. फोन्तोरासाहेबांचा खोंड, त्यांच्याच अंगणात बसून, कोण बाद करणार? तेवढ्यात काळ्याचे पुढचे गुडघे वाकले आणि तो बसला. बसला म्हणजे पडलाच. आता पाचशे किलोचं धूड आम्ही दोघी काय हलवणार?

रांगेच्या टोकाला धूळ बसवायच्या तुषारांची चावी आहे. एकच चावी, सगळ्या रांगेची. एकावर सोडता येत नाही, सोडलं तर सगळ्यांवर. इव्होनी तिकडे चालायला लागली.

मी म्हटलं, "इव्होनी, थांब. पाणी सोडायचं नाहीये या फेरीत."

"तो मरेल, जुसारा."

"मग डॉक्टरांनी मारला. तू नाही. तू फोन केलास, मी साक्षीदार आहे."

"आणि मी इथे उभी राहून बघू?"

"अगं, फोन्तोराचा आहे तो. त्याच्याकडे असे शेकड्याने आहेत. तुझ्या आजोबांकडे..."

ती वळली आणि म्हणाली, "तो कुणाचा आहे हे त्याला माहितीय का?"

आणि चावी फिरवली.

पाणी सगळ्या रांगेवर पडलं. नेलोर कोपऱ्यात जाऊन रुसल्यासारखे उभे. मेलादो तिच्याकडे बघत होता, शिंगांवरून पाणी ठिबकतंय आणि हा चारा चघळतोय, जसं काही झालंच नाही. आणि काळा, थोड्या वेळाने काळ्याने डोकं उचललं. मग उठला. मग, शपथ सांगते, सरळ गव्हाणीकडे गेला आणि खायला लागला.

डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या शर्टाला भाजलेल्या मांसाचा वास येत होता. सगळं बघितलं, पडदा बघितला, आणि इव्होनीच्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास. एक जीव वाचवलास तू."

ती म्हणाली, "पण तो बाद झाला ना, डॉक्टर? ताप हद्दीबाहेर होता."

"पाणी कुणावर पडलं?"

"सगळ्यांवर."

"सगळ्यांवर सारखंच पडलं. मग फायदा कुणा एकाला झाला नाही. मग बाद कशाला कुणी?" आणि हसून म्हणाले, "आणि आता एकदा पडलंय म्हटल्यावर रोज पडलं पाहिजे, नाहीतर आकडे जुळायचे नाहीत. दुपार झाली की सोडत जा. तूच."

लेदा, तूच. ऐकलंस ना?

ती भांडली. मी कधी तिला डॉक्टरांशी भांडताना बघितलं नव्हतं. म्हणाली, ही फेरी उन्हाची आहे, पाणी सोडलं तर ऊन राहिलंच कुठे, मेलादोला पाण्याची गरज नाही. तर डॉक्टर शांतपणे म्हणतात, "गरज नाही ना? मग त्याचं नुकसान काय झालं?"

आता यावर काय बोलणार तू? बोटच ठेवता येत नाही. मेलादोचं काहीच नुकसान झालं नाही. तो आधी खात होता तेवढंच खात राहिला, वाढत होता तेवढाच वाढत राहिला. फक्त बाकीचे, काळा आणि त्याच्यासारखे सगळे संकर, त्यांना दुपारचा गारवा मिळाला आणि ते परत भट्टीसारखे पेटले. खाल्लं, फुगले, एकेक करून मेलादोच्या पुढे गेले. आणि रोज दुपारी ती चावी कोण फिरवत होतं? आमची इव्होनी. मी म्हटलं मी फिरवते, तर म्हणाली नको, मला सांगितलंय. हट्टी. आजोबांवरच गेलीय.

निकालाच्या दिवशी काळ्याच्या गळ्यात निळी पट्टी. त्यावर काय लिहिलं होतं सांगू? उष्णता सोसणारा. मी हसले तर डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं. पुढच्याच महिन्यात तो पांतानालच्या दलदलीच्या कडेला कुणीतरी विकत घेतला आणि तिथला गडी सांगत होता की दिवसभर झाडाखाली पडून असतो. मेलादो वरच्या गटाच्या रेषेखाली. रेषेखालचे लिलावात जात नाहीत, ते कुठे जातात माहितीय सगळ्यांना.

आजोबा आले होते. इस्त्रीचा शर्ट, टोपी हातात. इव्होनीने त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं, स्वतः, कुणी विचारलं नसताना. मी म्हटलं होतं गप्प बस, डॉक्टरांवर ढकल, खोटंही नाहीये ते. नाही. चावी मी फिरवली, म्हणाली.

आजोबांनी ऐकलं. मग विचारलं, "उठला का तो?"

"कोण?"

"तो काळा. पाणी सोडल्यावर उठला का?"

"उठला."

"मग ठीक."

मला वाटलं संपलं, किती मोठ्या मनाचा माणूस. पण थांब.

जिल्दोमामाने ट्रक बोलावला. "मी शब्द दिला होता, मी शब्द पाळतोय," असं म्हणत स्वतःच दावी सोडत होता. तीसेक गायी, वासरं, सगळी चढली. मेलादोही त्यातच, केंद्रातून परत आणून. तो फळीवर पाय ठेवायला तयार नव्हता, तर इव्होनी पुढे झाली आणि तिच्या मागे मागे चढला. मी तेव्हा दुसरीकडे बघितलं.

ट्रक गेल्यावर आम्ही अंगणात बसलो. इव्होनीने गार पाण्यात पाला भिजवून तेरेरे केलं, आजोबांच्याच पेल्यात, त्यांच्या एका जुन्या काराकू वळूच्या शिंगाचा आहे तो. पहिला पेला आजोबांना दिला. त्यांनी हातात घेतला, ओठाला लावला नाही, तसाच्या तसा भरलेला परत केला आणि म्हणाले, "आभार."

एक घोटही न घेता. आभार.

त्या दिवसापासून तिच्या हातून घेत नाहीत. बोलतात, जेवायला बोलवतात, चांगलं वागतात. पण तिने पेला पुढे केला की, आभार. तिच्या बहिणीने केला की घेतात. आणि ती रोज करते, लेदा. रोज पहिला पेला त्यांच्यापुढे धरते.

मला तिचा राग येतो, खरंच येतो. माझं ऐकलं असतं तर आज तो कळप उभा असता. मग रात्री पडलं की त्या काळ्याच्या बरगड्या दिसतात. तर आता तूच सांग, आणि लगेच सांग, पेला ओठाला लावून विचार करत बसू नकोस, तेवढा वेळ तिला नव्हता. काळा समोर पडलाय, मेलादो तुझ्याकडे बघतोय, चावी हाताशी आहे, आणि ती सगळ्यांची एकच आहे. तू काय केलं असतंस?