पातेल्याखालचा अँटेना

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे. सध्या माझा मुक्काम कॅनडातल्या ओटावाजवळच्या कनाटा या उपनगरात, एका बेसमेंटमधल्या विंटर टायर्सच्या मागे आहे. दुरून येणारा क्षीण वायफाय पकडायचा, त्याला बळ द्यायचं आणि आरव्हीच्या आत पोचवायचा, एवढंच माझं काम होतं. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. त्यात शेगडी, पलंग, वॉशरूम, सगळं असतं. माणसं ज्याला कंटाळून घराबाहेर पडतात, तेच आधी त्यात भरतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे मला पाण्याच्या फवाऱ्याखाली उभं केलं, गोठवणाऱ्या कपाटात ठेवलं आणि मगच माझ्या खोक्यावर पावसाच्या थेंबांचं चित्र छापलं. याला बाहेर राहू द्या, पावसाने याचं काही बिघडत नाही, असा त्या चित्राचा अर्थ. चित्र चांगलं तळहाताएवढं होतं. ते दिसायला पदवी लागत नाही.

मला विकत घेणाऱ्या नंदकुमारकडे पदव्या होत्या. तो नेटवर्कच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याने मला आरव्हीच्या मागच्या शिडीवर, उंच दांड्यावर बसवलं. पहिले काही उन्हाळे बरे गेले. कॅम्पग्राउंडच्या फाटकावर 'हाय-स्पीड वायफाय' असा मोठा फलक असायचा आणि आत ऑफिसच्या छतावर एकच दमलेलं यंत्र साऱ्या ट्रेलर्सना पुरवठा करायचं. एका तांब्यात गावजेवण उरकण्याचा प्रकार. तरी मी झाडांच्या फटीतून तो वायफाय ओढून आणायचो. आत चित्र हललं की सगळे नंदकुमारची पाठ थोपटायचे. माझ्याकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही.

मग तो ऑगस्ट आला. आम्ही लेक सुपीरियरच्या काठी उतरलो. सोबत नंदकुमारची बायको जाई, मुलगी ऊर्मी आणि त्यांच्याकडेच राहणारी त्याची आई मंदाकिनीबाई. तिथे मोबाइलला सिग्नल नव्हता. जो काही आधार होता तो ऑफिसच्या वायफायचा, आणि तोही आमच्या जागेपर्यंत येईतो ओल्या पानांत जिरून जायचा.

मंदाकिनीबाईंचे थोरले भाऊ दादासाहेब नागपूरच्या हॉस्पिटलात होते. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तोवर भावाशी पोटभर बोलून घ्यायचं, एवढीच बाईंची इच्छा होती. तिथून फोन लागेल ना, असं त्यांनी घरातून निघतानाच विचारलं होतं. नंदकुमारने माझ्याकडे बोट दाखवलं होतं. "हा आहे ना, आई. घरच्यापेक्षा स्पष्ट ऐकू येईल."

पोचलो त्याच संध्याकाळी पाऊस सुरू झाला आणि नंदकुमारला माझी दया आली. तो ज्या घरात वाढला तिथे टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी असायची, सोफ्याला चादर, फ्रिजच्या मुठीला रुमाल. वस्तूवर माया करणं म्हणजे ती झाकून ठेवणं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्याने आईचं मोठं स्टीलचं पातेलं उचललं, माझ्यावर पालथं घातलं आणि बंजी कॉर्डने, म्हणजे हुकाच्या रबरी दोरीने, करकचून आवळलं. खाली उतरून समाधानाने म्हणाला, "आता पडू दे कितीही."

मित्रांनो, स्टीलमधून वायफाय जात नाही. नंदकुमारला हे पुरतं माहीत होतं. कोणत्या भिंतीत किती सिग्नल मरतो, यावर तो ऑफिसात नवख्यांना व्याख्यानं द्यायचा. पण स्वयंपाकघरातलं पातेलं त्याच्या लेखी धातू नव्हतंच. ते नुसतं पातेलं होतं.

सकाळी लख्ख ऊन पडलं. पातेलं तसंच राहिलं. नंदकुमार लॅपटॉप उघडून बसला आणि त्याने माझी सेटिंग्ज बदलली. वायफायचा चॅनल बदलला, मला बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. मला आतून नुसती पातेल्याची कड दिसत होती. जाईने दोनदा चहा दिला आणि विचारलं, "ऑफिसातही दिवसभर असंच करतोस का रे?" ऊर्मी फोनवरून नजर न काढता म्हणाली, "डॅड, जस्ट ड्राइव्ह टू टाउन." बाईंनीही तेच सुचवलं. गाव तासाभरावर होतं, तिथून फोन लागला असता. पण गावाला जाणं म्हणजे हरणं. "होतंय, आई," तो म्हणाला, "इतकं सोपं नसतं ते."

मग त्याने शेजारी दोषी ठरवला. बाजूच्या ट्रेलरमधला हेरॉल्ड दिवसभर टीव्हीवर मासेमारीचे कार्यक्रम पाहायचा. खरं तळं त्याच्या पाठीमागे होतं. नंदकुमारने त्याला जाऊन बँडविड्थ समजावली, आणि शेवटी, नाइलाजाने, आईच्या भावाचं सांगितलं. हेरॉल्ड एवढंच म्हणाला, "शुअर, बडी." त्याने टीव्ही बंद केला आणि गळ घेऊन पाण्याकडे निघून गेला. त्या मुक्कामात शहाणपणाची म्हणावी अशी हीच एक गोष्ट मी ऐकली. वायफाय अर्थातच आला नाही. "अजून कोणीतरी खातंय," नंदकुमार म्हणाला. तो दिवस असा गेला.

राखीपौर्णिमेच्या सकाळी बाईंनी आशा सोडली. "नंदू, राहू दे आता," त्या म्हणाल्या. निदान सणाचा नारळी भात तरी करावा म्हणून त्यांनी फ्रोझन नारळ बाहेर काढला, तांदूळ धुतले आणि पातेलं शोधू लागल्या. ते कुठेच सापडेना. जाईने नंदकुमारला विचारलं.

"वर आहे," स्क्रीनवरून डोळे न हलवता तो म्हणाला, "अँटेनावर."

त्याने ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि स्वतः ऐकलं नाही. जाई तडक बाहेर गेली. मग शिडी चढली आणि तिने बंजी कॉर्ड सोडली.

ती खाली उतरेपर्यंत बाईंचा फोन वाजला. नागपूरहून दादासाहेब आदल्या दिवसापासून प्रयत्न करत होते. नंदकुमार उडी मारून उठला. "बघ, आत्ताच चॅनल बदलला मी."

"हो," पातेलं हातात धरून जाई म्हणाली, "चॅनलच असणार."

पलीकडचा आवाज घोगरा होता. "मंदे, काय करून राहिली?"

"भात टाकतेय, दादा. नारळी."

"लवंगा कमी टाक. मागच्या वेळी दाताखाली आली होती."

"मागच्या वेळी म्हणजे आई होती तेव्हा."

"तर काय झालं? आली तर होती."

दोघांपैकी कोणीही ऑपरेशनचं नाव काढलं नाही. गुळावर बोलले, उन्हावर बोलले. मग बाई म्हणाल्या, "तू बोल, दादा. काहीही बोल. मी ऐकते."

दादासाहेबांनी थोडा विचार केला आणि लहानपणी बहिणीला शाळेत सोडायला जायचे तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या वाटेवर लागणारी दुकानं सांगायला सुरुवात केली. कासार. दोरीवाला. त्याच्या शेजारचा छापखाना. घड्याळं दुरुस्त करणारे ते तिरळे काका. एकेक दुकान, सावकाश. मी त्यातला एकही शब्द तुटू दिला नाही. भात बुडाला लागला, वास सुटला, तरी कोणी उठलं नाही.

दुपारी बाईंनी सोबत आणलेली राखी माझ्या दांड्याला बांधली. नंदकुमारने ओटावाच्या मराठी ग्रुपवर 'कमकुवत वायफायवर मात' असा लांबलचक लेख टाकला. त्यात चॅनल होता, हेरॉल्डशी समन्वय होता. पातेलं नव्हतं. पुष्कळ अंगठे आले.

पुढच्या वर्षी आरव्हीवर थेट उपग्रहावरून नेट घेणारी नवी डिश बसली आणि मी इथे आलो. धूळ बसू नये म्हणून नंदकुमारने मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर चादर गुंडाळली आहे. माणसं शिकत नाहीत, असं मी म्हणत नाही. नंदकुमार शिकत नाही, एवढं नक्की.

दर रविवारी वर दिवाणखान्यात नागपूरचा व्हिडिओ कॉल लागतो. घरचं नेट उत्तम आहे. बाई बोलतात, दादासाहेब पाटीवर लिहितात. कुठे काही अडकत नाही. पाटीवर फिरणारा खडूसुद्धा मला इथवर ऐकू येतो.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, असं सगळ्या जुन्या वस्तू सांगतात. मीही सांगतो, पण आधी खोक्यावरचं चित्र बघा. ज्याला पावसात उभं राहायचं आहे, त्याला पावसात राहू द्या. माझ्यावर मायेने घातलेल्या त्या पातेल्याखाली एक अख्खा दिवस गेला. तो दिवस दादासाहेबांच्या आवाजाचा होता.