पडद्यावर बसलेला नंबर

नवीन सिमकार्ड घेऊन आठवडा झाला नव्हता, तोच संध्याला शेतीचे फोन येऊ लागले. अकोल्याच्या जुन्या शहरात ती ब्लाउज शिवायची. कपाशीची पानं लाल पडली की त्याला लाल्या म्हणतात, यापलीकडे शेतीतलं तिला काही कळत नव्हतं.

"ताई, पऱ्हाटीवर लाल्या आला. काय फवारू?"

"काका, राँग नंबर हाय. मी टेलर हाय."

"मंग साहेबाले द्या ना फोन."

"साहेब नाई इथं!"

"कवा येतील?"

दिवसाला दहा-बारा फोन. एकदा बोलता बोलता तिनं डाव्या बाहीच्या जागी उजवी जोडली आणि सगळी शिवण उसवत बसली. नंबर बदलावा तर तो साऱ्या गिऱ्हाइकांना देऊन झालेला.

शेवटी देवमन नावाच्या माणसाला तिनं खडसावून विचारलं, "हा नंबर तुमाले देल्ला कोनं?"

"इथंच तर हाय, टीव्हीवर. तिवस्याच्या सल्ला केंद्रात बसून राहिलो मी. आत गर्दी हाय, म्हनून फोन लावला."

त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोजच्या झाल्या होत्या आणि तालुक्या-तालुक्यात सल्ला केंद्रं निघत होती. देवमननं केंद्रप्रमुख खुशालरावांकडे फोन दिला. ते म्हणाले, "बाई, तो नंबर आमी कवाच बंद केला. टीव्हीवरून बी काढला. कंपनीनं तोच तुमाले देल्ला असंन."

"मंग यायले दिसते कसा?"

फोन येतच राहिले. सोमवारी संध्यानं दुकान बंद ठेवलं आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्या धाकट्या भावाला, संघपालला, सोबत घेतलं. बडनेऱ्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी.

केंद्रात भिंतीवर भला मोठा प्लाझ्मा टीव्ही होता, कुणीतरी देणगी दिलेला. हिरव्या शेताचं चित्र, खाली नवा नंबर. आणि वर निळ्या आभाळात, धुकट पण सरळ वाचता येईल असा, संध्याचा नंबर.

"आठ महिने एकच पाटी लावून ठेवली होती ना?" संघपालनं विचारलं.

"सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा," खुशालराव अभिमानानं म्हणाले. "एक दिवस खाडा नाई. पुसून द्या ना ते कापडानं."

"पुसून? साहेब, तो आतून बसला. एकच चित्र भडक उजेडात ठेवलं का त्याचा डाग पडते. चित्र बदलत ठेवा लागते, उजेड कमी ठेवा लागते, मानूस नसला का बंद करा लागते."

"आमाले कोनं सांगतलं?"

संघपालनं हलती चित्रं लावून ठेवली. तीन तासांत आकडे फिके झाले, गेले नाहीत. तेवढ्यात कौशल्या नावाची एक बाई आत आली. तिनं मान वर करून पडदा पाहिला, मोबाइल काढला, आणि संध्याच्या पर्समध्ये रिंग वाजली.

"बोला," संध्या तिच्यासमोर उभी राहून म्हणाली, "मीच हाय."

बाई घाबरली. सोयाबीन पिवळं पडलं होतं आणि घरधनी दोन दिवस जेवला नव्हता. संध्याचा राग तिथल्या तिथे ओसरला. तिनं तिला हाताला धरून आतल्या सल्लागाराच्या खोलीत नेऊन बसवलं आणि बाहेर येऊन दुप्पट भडकली.

"साहेब, ही बाई रस्त्यातून फोन करती तं मी राँग नंबर म्हनून ठेवून देल्ला असता. समजते का तुमाले?"

"काय करा लागते ते करा," खुशालराव संघपालला म्हणाले.

संघपालनं प्रत्येक चित्राच्या वरच्या भागात काळी पट्टी टाकली. काळ्यावर डाग दिसत नव्हता. पाच चित्रं आळीपाळीनं लावली, उजेड अर्ध्यावर आणला.

"काळी पट्टी बरी नाई दिसत," खुशालराव पुटपुटले.

"मले रोजचे बारा फोन बरे दिसतात काय?"

फोन कमी झाले. ज्यांनी नंबर लिहून ठेवला होता तेवढेच यायचे. त्यांना संध्या न चिडता नवा नंबर सांगायची. पंधरा दिवसांनी खुद्द खुशालरावांचाच फोन आला.

"ताई, चित्रं लौकर पालटतात, लोकायचं वाचून होत नाई. म्हनून मी नव्या नंबरची पाटी तेवढी एकच लावून ठेवली."

"कवापासून?"

"झाले आठ दिवस."

संध्यानं कात्री खाली ठेवली. "साहेब, उठा. टीव्हीजवळ जा. चित्रं सुरू करा, हळू फिरली तं चालते. तोवर मी फोन ठेवत नाई."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रिमोट सापडेना. मग सापडला, त्यात सेल नव्हते. संध्या फोन कानाशी धरून बसून राहिली.