मालवाझाँ म्हणजे वाईट शेजारी

मित्रांनो, फाटक्या छत्रीने, गंजलेल्या कुलपाने किंवा निवृत्त घोड्याने आपली कहाणी सांगितलेली तुम्ही ऐकली असेल. ती सगळी नशीबवान मंडळी. त्यांना कोणी हातात तरी धरतं, निदान पाठीवर तरी बसतं. मी एक जुनं आडनाव आहे. मला ना मूठ, ना शेपूट. मी लोकांच्या तोंडात राहतो, टपालपेटीवर झोपतो आणि थडग्यावर म्हातारा होतो.

माझं नाव मालवाझाँ. शेवटचा न नाकातच ठेवायचा, बाहेर काढायचा नाही. आमच्या फ्रेंच भाषेत माझा अर्थ होतो ‘वाईट शेजारी’. तुमच्याकडे आगलावे नावाची माणसं अग्निशमन दलात सुखाने नोकरी करतात असं ऐकून आहे, म्हणून हे धीर करून सांगतो.

माझा जन्म मोंतेग्रोल गावात, चर्चमागच्या गल्लीत झाला. सहाशे वर्षं तरी झाली असतील. गावात तेव्हा गियोम नावाची चार माणसं होती. एक गियोम लोहार, एक तांबड्या केसांचा. त्या दोघांचं ओळखीपुरतं भागलं. उरलेले दोघे मात्र शेजारी शेजारी राहायचे, दोघेही सलगम पिकवायचे आणि दोघांचीही नाकं सारखीच होती. फरक एवढाच, की पहिला देवमाणूस होता आणि दुसऱ्याची डुकरं पहिल्याच्या सलगमांत चरायची. लोकांनी सोय काढली. ज्याला शेजारी वाईट मिळालाय तो ‘वाईट शेजारीवाला गियोम’ आणि ज्याला चांगला मिळालाय तो ‘चांगला शेजारीवाला गियोम’. पुढे लोक घाईत आले. ‘वाला’ म्हणायला कोणाला वेळ होईना. अशा रीतीने देवमाणसाच्या कपाळी मी आलो, आणि डुकरंवाल्याला मिळालं ‘चांगला शेजारी’, म्हणजे बोंवाझाँ. तेही आडनाव झालं, आणि ते आजतागायत माझ्या शेजारच्या घरात राहतं.

हा इतिहास आता कोणालाच माहीत नाही. मला माहीत आहे. पण दुसऱ्याच्या तोंडात राहणाऱ्याला स्वतःचं तोंड नसतं.

माझी भावंडं पुष्कळ. उत्तरेत गेलेलं थंडीने आखडून ‘मोवाझाँ’ झालं. इटलीत गेलेलं ‘मालवेत्सी’ म्हणून मिरवतं आणि मला ओळख दाखवत नाही. एकाने तर पुढे ‘द’ लावून घेतला, म्हणजे आपण सरदार घराण्यातले. सलगमांचा विषय निघाला की ते उठून जातं.

माझ्या घराण्यात नामवंतही झाले. कप्तान इयासिंत मालवाझाँ यांनी दक्षिण समुद्रात एक बेट शोधलं आणि त्याला माझं नाव दिलं. ‘वाईट शेजारी’ बेटावर अजून कोणी राहायला गेलेलं नाही. पेंग्विनांची मात्र तक्रार नाही. सेराफीन मालवाझाँ या बाई फुग्यातून राजधानीला निघाल्या आणि बोंवाझाँच्या कोबीत उतरल्या. पुढच्या वर्षी त्यांनी जास्त तयारी केली आणि त्याच कोबीत उतरल्या. लेओनार मालवाझाँ हा मोठा तुतारीवादक. तो भाड्याच्या घरात, सहाव्या मजल्यावर, पहाटे सराव करायचा. इतक्या वर्षांत माझा अर्थ सार्थ करणारा हा एकटाच.

एवढं वैभव पाहिलेला मी, शेवटी दोन माणसांवर आलो. एक आनातोल आजोबा, मोंतेग्रोलच्या त्याच गल्लीतले. दुसरी त्यांची नात ओरियान.

मित्रांनो, आडनावाचं एक दुःख असतं. प्रेमात लोक पहिलं नाव घेतात. आडनाव आठवतं ते पोलिसाला, डॉक्टरला आणि कर वसूल करणाऱ्याला. आनातोलला बेकरीवाला आनातोल म्हणे, पाद्री आनातोल म्हणे. मी टपालपेटीवर गंजत बसलो असतो. पण मला रोज वापरात ठेवणारं एक माणूस होतं. शेजारची जॉर्जेत बोंवाझाँ.

जॉर्जेत आणि आनातोल एका बाकावर शिकलेले. तिने लग्न केलं नाही. भांडायला माणूस आहे, मग नवरा कशाला, असं ती म्हणे. रोज सकाळी तिची खिडकी उघडायची.

“मालवाझाँ, तुझ्या अक्रोडाची पानं माझ्या अंगणात.”

“तुझा कोंबडा माझ्या स्वप्नात, बोंवाझाँ. फिट्टंफाट.”

“माझा कोंबडा सुरात आरवतो.”

“हो, पण गाणं एकच येतं त्याला.”

खिडकी बंद. दोघांचा दिवस सुरू. माझाही.

आता ओरियानचं ऐका. या मुलीने तालुक्याच्या गावी घरं विकून द्यायचं दुकान काढलं आणि प्रेमाने दारावर मला लावलं. ‘मालवाझाँ घरविक्री केंद्र’. म्हणजे वाचणाऱ्याला काय दिसे? ‘वाईट शेजारी घरविक्री केंद्र’. लोक थांबत, पाटीसमोर उभे राहून फोटो काढत आणि पुढे जाऊन दुसऱ्या दलालाकडून घर घेत. एक गृहस्थ आत आले तेव्हा तिला फार आनंद झाला. त्यांनी विचारलं, “घरं वाईट आहेत की फक्त शेजारी?” आणि ते उत्तर न ऐकताच गेले. जूनमधल्या आमच्या उन्हाळ्याआधी एकही घर गेलं नाही तर दुकानाला टाळं लागणार, हे तिला दिसत होतं.

एका रविवारी ती आजोबांकडे जेवायला आली. बदकाची तंगडी तिने नुसती इकडून तिकडे केली.

“आजोबा, मी इथल्या कचेरीत अर्ज दिलाय. आईचं आडनाव घेते.”

“मेर्स्ये?” आनातोलने पाव मोडला. “चांगलं आहे. बाजारात हाक मारली तर अर्धा बाजार वळून बघतो.”

“तुम्हाला राग आला.”

“छे. थडग्यावर जागा तेवढीच वाचेल.”

ते हसले, पण त्यांनी चीज खाल्लं नाही. चीज न खाता आनातोल मालवाझाँ टेबलावरून उठले, ही आमच्या घरात दुखवट्याची खूण.

कायदा असा आहे, की अर्ज दिल्यावर महिनाभर विचार करायचा, आणि नेमल्या दिवशी स्वतः जाऊन ‘हो, नक्की’ म्हणायचं. तो दिवस होता मे महिन्यातला शेवटचा शुक्रवार. कचेरी सहाला बंद होते. गेली नाही, तर अर्ज आपोआप रद्द. माझ्या आयुष्याची दोरी एका मुलीच्या ‘हो, नक्की’ला बांधलेली होती, आणि मी तिच्याच नावामागे मुकाट उभा होतो.

मग त्या महिन्यातली एक सकाळ आली. खिडकी उघडली.

“मालवाझाँ, तुझी मांजर माझ्या मुळ्यांत बसलीये.”

पलीकडून ओ आली नाही.

“मालवाझाँ, बहिरा झालास का?”

काही नाही. जॉर्जेतने त्यांच्या नाकाबद्दल काही शब्द काढले, जे ती सणासुदीला राखून ठेवायची. तरी काही नाही. मग ती गप्प झाली. जॉर्जेत बोंवाझाँ गप्प झालेली मी प्रथमच ऐकली. फार मोठा आवाज होता तो.

दोन्ही अंगणांच्या मधे तिचं कुंपण होतं, काटेरी झुडपांचं. त्याचं एक पान कोणाला तोडू द्यायची नाही. आनातोलने एकदा कात्री लावली तर तिने वकील लावला होता. त्याच कुंपणातून ती कुऱ्हाड घेऊन आरपार गेली. घागरा फाटला, एक चप्पल तिथेच राहिली. घरात कोणी नाही. तळघराचं दार उघडं. खाली, पिंपाजवळ, आनातोल जमिनीवर बसले होते. एक पाय भलत्याच दिशेला आणि हातात सॉसेज.

“मरायला टेकलायस का?” तिने वरून विचारलं.

“नाही. पिंपाला टेकलोय.”

“मग ओ का नाही दिलीस?”

“दिली की. दोनदा दिली. तुझ्या कोंबड्यापुढे ऐकू गेली नसेल.”

डॉक्टर म्हणाले, या वयात तळघराच्या गारठ्यात रात्र काढावी लागली असती तर सॉसेज पुरलं असतं, माणूस पुरला नसता. ओरियान धावत इस्पितळात आली, तेव्हा आजोबांच्या पायाला प्लास्टर होतं आणि जॉर्जेत एका चपलेनिशी खुर्चीत बसून परिचारिकेला चादर घालायला शिकवत होती.

“मादाम जॉर्जेत, तुम्हाला कळलं कसं?”

“कसं म्हणजे? मालवाझाँ म्हटलं आणि पुढे काही आलंच नाही. रोज येतं.”

“ही आता मेर्स्ये होणार आहे,” आनातोल छताकडे बघत म्हणाले.

जॉर्जेतने ओरियानला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “म्हणजे हा गेल्यावर मी सकाळी खिडकीतून काय ओरडू? मेर्स्ये? अर्धा बाजार माझ्या अंगणात येईल.”

“दुकान चालत नाही हो माझं.”

“ते तू बघ. पण मालवाझाँच उरला नाही, तर मी चांगली शेजारीण कोणापेक्षा, तेवढं सांगून जा.”

ओरियान परत दुकानात गेली. अर्ज तिने मागे घेतला नाही.

शुक्रवार उजाडला. तो नेमका शेजाऱ्यांच्या जेवणाचा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे गल्लीत टेबलं मांडतात, घरटी एक पदार्थ येतो आणि वर्षभर न बोललेली माणसं एकमेकांना मीठ देतात. समोरचं रिकामं घर ओरियानच्या हाती विकायला होतं, आणि नेमकं त्याच संध्याकाळी शहरातलं एक जोडपं ते बघायला आलं. फाब्रिस आणि लूस. लूसचे दिवस भरत आले होते. घर आवडलं. आता गल्लीत येऊन फाब्रिसने तो प्रश्न विचारला, जो ओरियान महिनोन् महिने टाळत आली होती.

“शेजारी कसे आहेत?”

आनातोल कुबडी सावरत उभे राहिले. “मी आनातोल मालवाझाँ.”

फाब्रिसने दोन पावलं मागे घेतली.

“आणि मी जॉर्जेत बोंवाझाँ.”

जोडप्याचा जीव भांड्यात पडला. दोघं लगबगीने तिच्या शेजारी बसायला गेली.

“ती खुर्ची माझी,” जॉर्जेत म्हणाली. “ती माझ्या पिशवीची. बाहेरची गाडी तुमची का? काढा. कोंबड्याची जायची वाट आहे ती. हा केक कोणी केलाय? विकतचा ना? दिसतंच.”

तोवर आनातोलने आपल्या खुर्चीवरची उशी लूसच्या पाठीशी दिली, तिच्यासाठी सावलीत जागा केली, कांद्याच्या टार्टचा मधला मऊ तुकडा काढून दिला आणि स्वतः उभे राहिले, एका पायावर. फाब्रिसने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग तो बायकोच्या कानात म्हणाला, “यांच्या पाट्यांची अदलाबदल झाल्यासारखी वाटते.”

मित्रांनो, सहाशे वर्षं. कप्तान, पाद्री, पंडित, कोणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. शहरातल्या एका माणसाला टार्टचा घास घेता घेता कळलं. मला हात असते तर मी टाळी दिली असती.

मग जॉर्जेतने तळघराची गोष्ट सांगितली. तिच्या गोष्टीत कुंपण दुप्पट उंच होतं आणि आनातोल रडत होते. आनातोल तिचा पेला भरत राहिले. ऐकता ऐकता लूसने हातातला काटा खाली ठेवला.

“म्हणजे तुम्ही रोज सकाळी हाक मारता?”

“रोज. रविवारी जरा उशिरा, चर्चमुळे.”

“आमच्या इमारतीत शेजाऱ्याचं आडनाव मी फक्त टपालपेटीवर वाचलंय.” लूसने पोटावर हात ठेवला. “आम्हालाही माराल हाक?”

“कोंबड्याच्या वाटेत गाडी लावलीत तर मारीनच.”

आनातोलने घड्याळाकडे पाहिलं. “जा पोरी. कचेरी बंद होईल.”

ओरियान उठली. तिने किल्ल्या घेतल्या. गल्लीच्या टोकापर्यंत गेली. कचेरी पुढच्याच वळणावर, दार उघडं दिसत होतं. मी तिच्या नावामागे होतो, बहुधा शेवटचा. आणि मागून ती खणखणीत हाक आली.

“मालवाझाँ.”

“काय?” आनातोल म्हणाले.

“काय?” ओरियान म्हणाली. त्याच क्षणी, त्याच वैतागाने, मागे वळून.

“तू नाहीस रे, ती. मालवाझाँ, येताना घरातून मोठी सुरी आण. अक्रोडाचा केक कापायचाय.”

ओरियान उभी राहिली. एकदा कचेरीकडे पाहिलं. मग वळली, आजोबांच्या घरात गेली आणि सुरी शोधू लागली. आमच्या घरात सुरी कधीच जागेवर सापडत नाही. ती सापडली तेव्हा चर्चची घंटा सहा ठोके देऊन थांबली होती.

आनातोलने त्या दिवशी चीजचे दोन तुकडे खाल्ले.

घर त्या जोडप्याने घेतलं. दुकानावर मी अजून आहे. खाली ओरियानने एक ओळ रंगवून घेतलीये: ‘शेजारी आधी दाखवतो, घर नंतर.’ लोक अजूनही फोटो काढतात, पण आता आत येऊन काढतात.

तर मित्रांनो, म्हाताऱ्या आडनावाची तुमच्याकडे एकच मागणी आहे. मला सोनेरी अक्षरांत कोरू नका. कोरलेली आडनावं थंड पडतात. आम्हाला हाक लागते. तुमच्या शेजारच्या दारावर जे कोणी लटकत असेल, कुलकर्णी असो, आगलावे असो, त्याला रोज एकदा मोठ्याने पुकारा. कारण नसेल तर भांडण काढा. आणि एखाद्या सकाळी ओ आली नाही, तर कुंपणाची पर्वा करू नका.

आता मला जायला हवं. खिडकी उघडतेय. कुंपणाला जॉर्जेतएवढं भोक अजून आहे, ते तिने बुजवलेलं नाही.

“मालवाझाँ.”

“काय गं, बोंवाझाँ?”

“काही नाही.”