उचलायचा नसतो तो फोन

शनिवारी सकाळी अभयनं सहज म्हणून सांगितलं आणि वल्लरीच्या हातातला नाचणीच्या सत्वाचा चमचा आठ महिन्यांच्या श्रियाच्या तोंडापाशी तसाच थांबला.

"कातळवण्याचा टॉवर हलवतील बहुतेक."

कातळवणे म्हणजे वल्लरीचं माहेर. डोंगराआडच्या त्या गावात सहा महिन्यांपूर्वी सरकारी योजनेतून, चाचणी म्हणून, मोबाइलचा टॉवर उभा राहिला होता. तो ठेवायचा की नाही, याचा अहवाल लिहायचं काम नेमकं अभयच्या कंपनीकडे आलं होतं, सिंगापूरमध्ये, क्वीन्सटाउनच्या त्यांच्या फ्लॅटपासून दोन बसस्टॉपवर.

"हलवतील? का पण?"

"वापर नाही. शंभरातले सत्तर कॉल कोणी उचलतच नाही. ऑफिसातला श्रीनिवास म्हणतो, लोकांना गरज नसेल. उद्या जेवायला येतोय, तेव्हा नक्की करू."

"अरे, उचलायचे नसतातच ते! मिस्कॉल आहेत!"

अभय ओशाळला. पुण्यात हाच मुलगा तिच्या होस्टेलखाली उभा राहून मिस्कॉल देऊन तिला खाली बोलवायचा. इथल्या ऐसपैस प्लॅनमध्ये लोळून सगळं विसरला होता.

वल्लरीनं विसरणं शक्य नव्हतं. तिची आई, नंदाताई, गावात एकटी राहायची. रोज सिंगापूरच्या साडेबाराला एक रिंग यायची: मी बरी आहे. दोन आल्या तर: तू फोन कर. पाच मिनिटं उशीर झाला की वल्लरी स्वतःच फोन लावायची. झोपलेल्या श्रियाच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी बाई ती, टॉवर गेला तर तिचं काय होणार होतं?

रविवारी श्रीनिवास आला. मराठीच, पण जन्म इथला, बोलताना शेवटी सिंगापुरी 'लाह' जोडणारा. वल्लरीनं आधी भरली वांगी वाढली, मग विषय काढला.

"तिकडे लोक मिस्कॉल देतात हो."

"देतात?" श्रीनिवास हसला. "मिस झालेली गोष्ट देणार कशी, लाह? सकाळी माझी मेट्रो मिस झाली. मला कोणी दिली नाही."

"आपल्याकडे देतात. एक दिला, दोन दिले."

"आणि क्लायंटला काय सांगू? लोक मुद्दाम कॉल फेल करतात?"

वल्लरी श्रियाचं तोंड धुवायला आत गेली. तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजला आणि श्रीनिवासनं भल्या मनानं तत्परतेनं तो उचलला.

"उचलू नका!" वल्लरी ओरडत बाहेर आली. दचकून त्याचं बोट स्पीकरवर पडलं.

"कुणी मेल्यानं उचलला गं?" नंदाताईंचा आवाज घरभर झाला.

"सॉरी काकू, मी श्रीनिवास. अभयच्या ऑफिसातला. तुमचा फोन आला म्हणून..."

"फोन कुठे केला बाबा? मिस्कॉल दिला! बोलायचं असतं तर दोन रिंगा दिल्या नसत्या? संपला ना माझा बॅलन्स!"

"काकू, सगळं गाव असंच करतं?"

"मग? दूधवाला एक देतो, भांडं घेऊन बाहेर यायचं. आशाताईनं तीन दिल्या की लस आलीय, पोरं घेऊन पळायचं. सरपंचाला मात्र कुणी कितीही द्या, तो..."

फोन कट झाला. बॅलन्स खरंच संपला होता.

अभय वांग्याकडे बघत हसू दाबत होता. श्रीनिवासनं हात पुसले, लॅपटॉप उघडला आणि त्या सत्तरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे लस आल्याचा निरोप आम्ही फेलमध्ये मोजला," तो म्हणाला. त्यानं 'टॉवर हलवावा' खोडून 'टॉवर ठेवावा' लिहिलं. "पण कारण द्यावं लागेल. वल्लरी, एक पान लिहून देतेस? मिस्कॉल 'देणं' मला इंग्रजीत समजावता नाही यायचं."

"आत्ता? आणि हिला कोण घेणार?"

"मी घेतो."

वल्लरीनं त्याला नीट न्याहाळलं. "हात साबणानं धुवा. चष्मा काढा, ओढते ती. खिशातलं पेन काढा. आणि खिडकीजवळ जायचं नाही, अकरावा मजला आहे."

श्रीनिवासनं हात धुतले, चष्मा आणि पेन काढून ठेवलं आणि श्रियाला घेतलं. वल्लरी लिहायला बसली आणि दर दोन ओळींनंतर मान वर करून बघत राहिली.